सामानाच्या यादीतली वही आणि क्योटोचा मार्च

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलांना एक प्रश्न हमखास पडतो: "माझ्या विषयावर साधनंच नाहीत, मग काय करू?" बहुतेक वेळा साधनं असतात, फक्त ती दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी लिहिलेली असतात. आज त्याचं एक उदाहरण घेऊ या, तेही अगदी घरगुती विषयावरचं. वसंताच्या सुरुवातीला घरच्यांना घेऊन शहर बघायला जायचंय. सोबत काय घ्यायचं, काय बघायचं आणि नेमकं कधी निघायचं? शहर क्योटो, कारण फुलं बघायला बाहेर पडण्याच्या इतक्या जुन्या नोंदी जगात क्वचितच कुठे मिळतील.

आधी सामान. १८१० साली यासुमी रोआन नावाच्या लेखकाने जपानमध्ये 'र्योको योजिनशू' हे पुस्तक काढलं. प्रवासात घ्यायच्या खबरदारीचं पुस्तक, एकूण ६१ सूचना. त्यात सामानाची यादीच दिलेली आहे, आणि वर ताकीद की वस्तू कमीत कमी घ्या, जास्त घेतल्या तर विसरतात आणि डोक्याला ताप होतो. यादीत दौत-लेखणीचा छोटा संच, पंखा, सुई-दोरा, छोटा आरसा, कंगवा, केसांचं तेल, मेणबत्त्या, चकमकीचं सामान असं सगळं आहे. तागाची दोरी आहे, मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्यांचं सामान एकत्र बांधून ठेवायला. वस्तू टांगायला आकडा आहे. मला सगळ्यात आवडला तो शिक्का. त्याचा ठसा घरी ठेवून जायचा, म्हणजे वाटेतून आलेलं पत्र खरंच आपल्या माणसाचं आहे का हे घरच्यांना ताडून बघता येतं. हुंडीच्या व्यवहारातही तोच शिक्का चाले.

याच यादीत एक रोजनिशीची वहीसुद्धा आहे. तिच्याकडे परत येऊ.

कुटुंब म्हटलं की बायका आल्या, आणि तिथे सामानापेक्षा कागद महत्त्वाचा होता. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या तोकुगावा राजवटीत, मुख्य रस्त्यांवर तपासणी नाके होते. एदोहून बाहेर पडणाऱ्या बायकांवर खास नजर असे. सरदारांची कुटुंबं राजधानीत जवळजवळ ओलीस म्हणून ठेवलेली असत, ती पळून जाऊ नयेत म्हणून. त्यामुळे बाईच्या सामानात परवाना हवाच, आणि त्यात तिचं वर्णनही असे. परवान्यासाठी तीर्थयात्रेचं कारण सोयीचं. इसेच्या देवस्थानाला म्हणून निघायचं, आणि पुढे क्योटो-ओसाका बघून यायचं. काशीला निघालेल्या माणसाने वाटेत चार शहरं बघून घ्यावीत तसंच. शेतीची कामं नसलेल्या दिवसांत, म्हणजे हिवाळा ते वसंताची सुरुवात या काळात, अशा फेऱ्या बऱ्याच होत.

शहर कसं बघायचं, याचीही पुस्तकं होती. काइबारा एकिकेन या विद्वानाने १८व्या शतकाच्या सुरुवातीला क्योटोसाठी दिवसवार मार्ग आखून दिले, एकूण १७ दिवसांचे. १७८० सालचं 'मियाको मेइशो झुए' हे सहा भागांचं सचित्र पुस्तक तर भलतंच गाजलं. पण ते काखोटीला मारून फिरण्याजोगं नाही. लोक बहुधा घरी बसून ते चाळत असणार, जाण्याआधी किंवा जाण्याऐवजी. म्हणून पुस्तकात एखादं स्थळ आहे याचा अर्थ लोक तिथे गेलेच, असा लावता येत नाही. प्रवासवर्णनांवर काम करणाऱ्यांनी हे मनात पक्कं ठेवा.

आता मुख्य प्रश्न, कधी निघायचं? साकुराचा बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. जुन्या काळी तो कोणत्या तारखेला येत होता हे कळलं, तर तेव्हाचा मार्च किती थंड होता हेही काढता येतं. झाडाच्या कळ्यांमध्ये ऊब जणू साठत जाते. मार्च उबदार असेल तर पुरेशी ऊब लवकर साठते आणि फूल लवकर येतं. यासुयुकी आओनो या संशोधकाने जुन्या रोजनिश्या आणि बखरींमधून क्योटोच्या पूर्ण बहराच्या तारखा गोळा केल्या. ही मालिका ९व्या शतकापासून सुरू होते आणि तिच्यात सातशेहून जास्त वर्षांच्या तारखा आहेत.

तुम्हाला वाटेल की या तारखा प्रवाशांच्या त्या वह्यांमधून आल्या. तसं नाही. प्रवासी आयुष्यात एकदा येतो. तो चार ओळी जास्त लिहितो, खर्च लिहितो, पण त्याच्याकडे एकाच वर्षाची तारीख असते, तीही तो पोचला त्या दिवसाची. बहर त्याच दिवशी होता की तीन दिवसांपूर्वी, हे त्याला माहीत नसतं. खरा डेटा आला तो शहरातच राहणाऱ्यांकडून: दरबारी उमराव, भिक्षू. ही माणसं दरवर्षी त्याच शहरात फुलं बघत आणि कोरडेपणाने एखादी ओळ लिहून ठेवत. वाचायला कंटाळवाणी, पण मालिका करायला सोनं. प्रवाशाची वही टाकाऊ नाही बरं का. रोज किती चाललो, जेवणाला किती पडले, सोबत कोण होतं हे तिलाच विचारावं लागतं.

पण शहरातली सगळ्यात गाजलेली नोंदही जपूनच घ्यावी लागते. १५९८ साली तोयोतोमी हिदेयोशीने दाइगो मंदिरात फुलं बघायचा सोहळा केला. सोबत बायका, छोटा मुलगा हिदेयोरी आणि सुमारे १,३०० स्त्रिया. प्रत्येकीला तीन पोशाख, दिवसभरात दोनदा बदलायचे! कौटुंबिक सहलीच्या सामानाचा हा विक्रमच म्हणायचा. सोहळ्यासाठी सुमारे ७०० झाडं आणून लावली होती. आता इथली तारीख घ्यायची का? एवढ्या लवाजम्याचा दिवस काही फूल उमलल्यावर ठरत नाही, आणि नव्याने लावलेलं झाड जुन्या झाडासारखंच वागेल याची खात्री काय? माझ्या मते अशा तारखेपेक्षा कुणा भिक्षूची एक ओळ बरी.

दुसरा सापळा पंचांगाचा. हा सोहळा तिथल्या तिसऱ्या महिन्याच्या १५व्या दिवशी झाला, म्हणजे आजच्या हिशेबाने २० एप्रिलला. जपानचं जुनं पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर, अधिक महिन्यासकट. जंत्री घेऊन शके आणि तिथीचं इंग्रजी तारखेत रूपांतर केलेल्यांना ही डोकेदुखी ओळखीची आहे. त्यात १५८२च्या आधीची तारीख ज्युलियन की ग्रेगोरियन, हेही बघावं लागतं. १४०९ साली दोन्हींमध्ये ९ दिवसांचा फरक होता. तो विसरलात तर कागदावर वसंत ९ दिवस आधीच येईल, आणि तुम्ही हवामानबदलाचा शोध लावून बसाल.

तिसरी गोष्ट झाडाची जात. आओनोची मालिका डोंगरी साकुराची, म्हणजे यामाझाकुराची आहे. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते सोमेइ-योशिनो हे झाड १९व्या शतकात पसरलं. आताच्या बहराच्या अंदाजांमध्येही मुख्यतः तेच असतं. त्यामुळे हल्लीच्या वर्षांसाठी आओनोने आराशियामा या डोंगरालगतच्या भागातल्या यामाझाकुराच्या बातम्या वर्तमानपत्रांतून घेतल्या. जुन्या मालिकेला नवी मालिका जोडताना जात आणि जागा तीच ठेवणं, हे त्या कामातलं सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे.

मग तापमापकाच्या काळातल्या वर्षांवर तारीख आणि तापमान यांचं नातं बसवायचं, आणि तेच नातं मागे न्यायचं. त्यातून निघालं की १६७० ते १७०० या काळात क्योटोचा मार्च सरासरी ४ ते ५ अंशांचा होता. आज तो ९ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे एकिकेनच्या आयुष्यातली बरीच वर्षं अशा थंड वसंतांची होती. त्या काळी मार्चमध्ये लेकराबाळांना घेऊन निघालेल्याला आजच्यापेक्षा बरेच जाड कपडे लागले असणार, आणि फुलं बघायची तर मुक्कामही लांबवावा लागला असणार.

२०२१ साली या मालिकेत पूर्ण बहर २६ मार्चला नोंदला गेला. त्याआधीची सर्वात लवकरची तारीख होती २७ मार्च, १४०९ सालची. बातम्यांनी हा एक दिवस उचलून धरला. खरं तर १४०९ हे आजूबाजूच्या वर्षांमध्ये एकटं पडलेलं वर्ष आहे, आणि हल्लीच्या लवकरच्या तारखा मात्र घोळक्याने येतात. बघायचा आहे तो घोळका. त्यातही क्योटो आता मोठं शहर झालंय, आणि डांबर-काँक्रीटची ऊब कळ्यांपर्यंत पोचते. त्यामुळे यातला किती भाग शहराचा आणि किती हवामानाचा, हे कमी वस्तीच्या ठिकाणांशी तुलना करून वेगळं काढावं लागतं.