केसपेपरपासून सनदेपर्यंत : रुग्णहक्कांच्या अभ्यासाची प्रस्तावना

आजारपण कुणालाच चुकलेले नाही. तरीही रुग्ण म्हणून आपला अधिकार कुठवर आहे आणि आपल्याकडून काय अपेक्षित आहे, याचा विचार आपण बहुधा दवाखान्याच्या बाकावर बसल्यावरच करतो, आणि ती वेळ विचार करण्याची नसते. म्हणून हा विषय धडधाकट असताना, निवांतपणे वाचावा. तो वकिलांचा किंवा तक्रारखोरांचा आहे, अशी एक समजूत आहे. माझ्या मते हा मुख्यतः माहितीच्या देवाणघेवाणीचा विषय आहे: डॉक्टरांनी काय सांगायचे आणि आपण काय लपवायचे नाही, याचा.

मराठी वाचकांना या अभ्यासात परके वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचा एक पायाचा दगड इथलाच आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले गेले. पूर्ण भूल न देता जोर लावून हाड बसवले आणि त्या धक्क्याने तो दगावला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. वडील स्वतः डॉक्टर होते. तरी ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघायला १९६८ साल उजाडले. भरपाई मिळाली ३,००० रुपये. पण रकमेवरून या निकालाचे मोल करू नये. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणते उपचार करायचे हे ठरवताना आणि ते प्रत्यक्ष करताना, अशी तिन्ही वेळा डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे त्यात स्वच्छ सांगितले आहे. आजही निष्काळजीपणाची चर्चा या निकालापाशी आल्याशिवाय राहत नाही.

पुढचे टप्पे भरभर सांगता येतील. अपघातातल्या जखमीवर आधी उपचार, पोलिसी सोपस्कार नंतर, हे १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने ठरले. १९९५ मध्ये पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १७ हक्कांची सनद तयार केली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तिचा मसुदा २०१८ मध्ये लोकांपुढे ठेवला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. यामागे मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘साथी’ यांसारख्या संस्थांचे काम आहे, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट.

सर्वांत रेंगाळावे असे प्रकरण मात्र संमतीचे. भरती होताना काउंटरवर कागद सरकवले जातात: इथे सही करा, इथे, आणि मागच्या पानावर. सही करतो तो बहुतेकदा मुलगा किंवा नवरा. आतल्या खोलीत रुग्ण शुद्धीवर असतो, त्याला कुणी विचारलेले नसते. उलट “त्यांना काही सांगू नका हं डॉक्टर, धसका घेतील” अशी गळ आपणच घालतो. २००८ च्या समीरा कोहली निकालाने या सवयीला अडवले. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही, आणि तातडीने जीव वाचवण्याचा प्रश्न नसेल तर सज्ञान रुग्णाऐवजी आईची संमतीही पुरत नाही. हे वाचताना तुम्हाला थोडे अवघडल्यासारखे होईल. होऊ द्या. इथे रुग्णाच्या हक्काआड डॉक्टरपेक्षा घरचेच जास्त येतात.

जबाबदाऱ्यांचेही तसेच. बीपीची गोळी परस्पर बंद केली, सोबत कुणाचा तरी काढा चालू आहे, मागे एका इंजेक्शनची रिअॅक्शन आली होती, हे डॉक्टरांना सांगितले नाही, तर उत्तम उपचारही फसतात. ताप आला की “सलाईन लावा” असा आग्रह धरणे हा हक्क नव्हे. आणि घोळका जमवून तोडफोड करणे हा तर गुन्हा आहे. त्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. काही लेखक हे सारे हक्कांच्या शेवटी तोंडी लावण्यापुरते घेतात, ते मला पटत नाही.

नव्या वाचकांनी सुरुवात कायद्याच्या कलमांपासून करू नये. घरातली जुनी फाईल काढा. डिस्चार्ज कार्डावर निदान लिहिले आहे का? बिलात बाबी वेगवेगळ्या दाखवल्या आहेत का? नुसतेच कार्ड हाती असेल, तर वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम वाचा: भरती रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची. मग सनद वाचा, निकाल त्यानंतर. धर्मादाय रुग्णालयांचे प्रकरण शेवटी ठेवा, पण वगळू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार तिथल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. त्यासाठी उत्पन्नाचे कोणते दाखले लागतात आणि समाजसेवा विभागात कुणाला भेटायचे, हे आधी ठाऊक असले तर ऐनवेळची धावाधाव वाचते.