नाताळच्या केकातील चॉकलेट

नाताळच्या पक्वान्नांत चॉकलेटच्या थरांच्या केकाने आता मानाचे स्थान मिळविले आहे. थरावर थर चढविण्याची कला आमच्याकडे नवी नव्हे. गोव्याचे बिबिंक तसेच होते. एक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजून निघाला की त्यावर तूप सोडून दुसरा ओतावयाचा. चॉकलेट मात्र परदेशातून आले, आणि त्याचा ख्रिस्तसभेशी जडलेला संबंध फार जुना आहे.

मेक्सिकोतील मूळ रहिवासी कोकोच्या बिया वाटून, त्यांत मिरची घालून, साखरेवाचून पेय करीत. त्याच बिया बाजारात नाणे म्हणूनही चालत. १५४४ साली डोमिनिकन संघाचे धर्मबंधू ग्वातेमालाच्या काही माया सरदारांना घेऊन स्पेनच्या युवराज फिलिपच्या भेटीस गेले, तेव्हा नजराण्यात घुसळलेल्या चॉकलेटची भांडी होती. युरोपात चॉकलेट पोहोचल्याचा हा पहिला लेखी पुरावा समजला जातो.

पुढे त्यात साखर पडली, आणि वाद उपस्थित झाला : चॉकलेट प्याल्याने उपवास मोडतो की नाही? आज आपणांस हसू येईल. परंतु उपवास हे ज्यांना खरोखरीचे व्रत वाटत होते त्यांना हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. पेयाने उपवास मोडत नाही, हा सिद्धांत संत थॉमस अक्वायनस यांनी पूर्वीच सांगितला होता. पण चॉकलेट हे पेय की अन्न? १६३६ साली आंतोनिओ दे लेओन पिनेलो यांनी माद्रिदमध्ये या एका प्रश्नावर सबंध ग्रंथ छापला. १६६४ साली रोममध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी ग्रंथ लिहून चॉकलेटची गणना पेयांत केली.

याच काळातील एक कथा टॉमस गेज नावाच्या डोमिनिकन धर्मगुरूने १६४८ साली छापली. चियापास येथील कुलीन स्त्रिया मिस्सा चालू असता दासींकडून गरम चॉकलेट मागवीत. महागुरूंनी बहिष्काराची धमकी दिली. स्त्रियांनी प्रमुख मंदिर सोडून मठांच्या मंदिरांची वाट धरली. आणि थोड्याच दिवसांत महागुरू मरण पावले. विषाच्या चॉकलेटने, असे लोक म्हणत. हे लिहिण्यापूर्वीच गेज आपला धर्म सोडून प्रॉटेस्टंट झाला होता, तेव्हा त्याच्या साक्षीवर किती भिस्त ठेवावी ते वाचकांनी ठरवावे.

१८२८ साली हॉलंडच्या व्हान हाउटेन यांनी कोकोतील स्निग्धांश दाबून काढण्याच्या यंत्राचा हक्क मिळविला, तेव्हापासून सुटसुटीत कोको पूड मिळू लागली व चॉकलेटचा पेल्यातून केकात प्रवेश सुकर झाला. १८८५ साली बुडापेस्टच्या प्रदर्शनात योझेफ दोबोश या हलवायाने पातळ थरांमध्ये लोणी व चॉकलेट यांचा लेप भरून, वर साखरेच्या पाकाचा कडक पापुद्रा चढविलेला केक मांडला. त्याची कृती त्याने वर्षानुवर्षे गुप्त ठेविली आणि १९०६ साली आपल्या व्यवसायबंधूंच्या स्वाधीन केली.

केकात गेलेल्या चॉकलेटास कार्डिनलसाहेबांची सवलत मात्र लागू पडेना. केक कोणी पीत नाही. नाताळची पूर्वतिथी १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे उपवासाची होती. परमगुरू सहावे पॉल यांनी १९६६ साली नियम बदलीपर्यंत २४ डिसेंबरला भाजलेल्या केकाचा वास घ्यावा आणि वाट पाहावी, हाच शिस्तीचा मार्ग होता. सणाला त्यामुळे जी गोडी येई ती साखरेने येत नाही, असे माझे मत आहे.

चॉकलेट गिळणाऱ्याच्या उपवासाविषयी असे ग्रंथच्या ग्रंथ झाले. कोको तोडणाऱ्याच्या पोटाविषयी विचारणारे थोडे निघाले. परमगुरू सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला होता. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी साओ तोमे बेटावर, ज्या पोर्तुगीज राजसत्तेचे निशाण गोव्यावर होते व १७३९ पर्यंत वसईवरही होते तिच्याच छत्राखाली, आंगोलातून आणलेले मजूर कोकोच्या मळ्यांत राबत होते. कागदोपत्री पाच वर्षांचा करार असे. परत गेलेला मनुष्य क्वचितच आढळे. इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन याने प्रत्यक्ष जाऊन पाहिले आणि १९०६ साली पुस्तक लिहून या प्रकारास गुलामगिरी हेच नाव दिले.

केडबरी यांच्या कानी ही वार्ता १९०१ पासून होती. साओ तोमेचा कोको त्यांनी १९०९ च्या मार्चमध्ये बंद केला. मधल्या काळात आपण चौकशी करीत होतो, असे त्यांचे म्हणणे. ‘स्टँडर्ड’ या लंडनच्या पत्राने १९०८ साली त्यांना दांभिक ठरविले, तेव्हा त्यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९०९ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, ज्यूरीने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी.