सावलीतून आलेला पक्षी

वैशाखात दुपारी बारानंतर चिमूरच्या गल्ल्यांत चिटपाखरू दिसत नाही. माणसे कूलरपुढे, गुरे गोठ्यात, कुत्री नालीच्या ओलीत. अशा वेळी घरच्या कोंबड्या कुठे जातात, हे कधी पाहिले आहे? बैलगाडीखाली, रांजणाच्या मागे, करंजीच्या बुडाशी. चोच उघडी, पंख अंगापासून दूर धरलेले आणि गळ्याची सारखी धडधड. आपण म्हणतो, कोंबडी तहानली. तहानलेली तर ती असतेच, पण तिचा शोध चाललेला असतो सावलीचा. हा शोध फार जुना आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो. अशा मुलखात कोंबडी कशी सांभाळावी, हे समजून घ्यायचे तर ती मुळात आली कुठून, हे आधी पाहावे लागते.

चार्ल्स डार्विनने १८६८ साली असे मांडले की, जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या. त्याचे म्हणणे बव्हंशी खरे ठरले. ही पाळणूक नेमकी केव्हा सुरू झाली, यावर मात्र पुष्कळ वाद झाले. काही अभ्यासक आठ-दहा हजार वर्षांचा काळ सांगत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा काळ बराच अलीकडे आणला. थायलंडमधल्या बान नॉन वाट या जागी सापडलेली कोंबड्यांची हाडे ही पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची खूण असल्याचे त्यात म्हटले आहे. तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० असा आहे. संशोधकांनी कारणही सुचवले. माणसाने कोरडवाहू धान आणि भरड धान्य पेरायला सुरुवात केली, सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने रानकोंबडी बांबूच्या बेटातून शेताच्या कडेला आली आणि हळूहळू तिथेच रमली.

धानाच्या मुलखातल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या भागात धान निघाले की बांधीत पहिली कोंबडी जाते आणि मग माणूस. कोंढा आणि कनकी ही आजही आपल्याकडच्या कोंबडीची शिधासामग्री आहे.

या कथेत आपल्या जंगलाचाही वाटा आहे. भारतात रानकोंबड्यांच्या दोन जाती आहेत. तांबडा रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेकडच्या सालवनापर्यंत आढळतो. राखी रानकोंबडा दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या जंगलांचा रहिवासी. गोदावरीच्या आसपास दोघांच्या सीमा भिडतात. चिमूरला लागून असलेल्या ताडोबाच्या रानात पहाटे जो आरवतो, तो राखी. २००८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की, पाळीव कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. म्हणजे डार्विनच्या एका पूर्वजात आणखी एकाची भर पडली आणि हा दुसरा पूर्वज आपल्या रानातला आहे.

आता हा रानकोंबडा उन्हाळा कसा काढतो ते पाहा. सकाळी उजाडताना आणि सायंकाळी ऊन उतरल्यावर तो चरतो. दुपारभर नाल्याकाठच्या बांबूत किंवा दाट झुडपात दडून राहतो. सावलीतल्या भुसभुशीत मातीत अंग घोळतो आणि रात्री झाडाच्या फांदीवर मोकळ्या हवेत झोपतो. सावली, पाणी, माती आणि वारा या चार गोष्टी त्याला रान देते. आपण कोंबडीला परसात आणले तेव्हा या चारही गोष्टी पुरवण्याची जबाबदारी आपल्यावर आली.

तिच्या शरीराची घडण अजून रानातलीच आहे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश, म्हणजे आपल्याला तापाने फणफणायला लावील इतके. बाहेरची हवा तिच्या अंगापेक्षा गार असते तोवर तुरा, गलोल आणि उघडे पाय यांतून उष्णता निघून जाते. बाहेर ४५ अंश झाले की ही वाट बंद होते. मग उरते फक्त धाप. श्वासाबरोबर ओल बाहेर पडते, तिची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. माठातले पाणी गार होते ते याच नियमाने. आपला कूलर चालतो तोही याच नियमाने. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वाळ्याच्या तट्ट्यांवर पाणी शिंपडून गारवा करण्याची नोंद आहे. बादशहाच्या महालातली युक्ती आणि बैलगाडीखालच्या कोंबडीची धाप, दोन्हींमागे निसर्गाचा एकच कायदा आहे.

मात्र धापेची किंमत मोजावी लागते. धापा टाकताना कार्बन डाय-ऑक्साइड वायू प्रमाणापेक्षा जास्त बाहेर जातो आणि रक्तातला समतोल बिघडतो. त्यात खाणे कमी झालेले असते. म्हणून उन्हाळ्यातली अंडी लहान आणि पातळ कवचाची होतात. शरीराचे तापमान ४६-४७ अंशांच्या घरात गेले की पक्षी हाती लागत नाही.

आपल्या जुन्या घरांनी हे शास्त्र न शिकता पाळले होते. कुडाच्या भिंती, शेणाचे सारवण, गवताचे किंवा कौलांचे छप्पर, अंगणात कडुनिंब नाही तर चिंच. माझ्या दादीच्या परसात आठ-दहा कोंबड्या असत. मार्च-एप्रिल मोहफुलांचा आणि त्यानंतर तेंदूपानांचा हंगाम. शेजारच्या बाया पहाटेच रानात निघून जात आणि दुपार कलल्यावर परतत. तेवढा वेळ कोंबड्या एकट्या. म्हणून दादी झुंजूमुंजू असतानाच त्यांना कोंढा घाली, मातीचे दोन-तीन परळ भरून सावलीत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवी आणि रांजणाखालची जमीन ओली करून ठेवी. दुपारी दाणा टाकला तर ती रागवे. ‘भर उन्हात पोट भरले की जनावर आतून तापते,’ असे तिचे म्हणणे. आजचे पशुवैद्यकही तेच सांगतात. पचनाच्या क्रियेत उष्णता निर्माण होते. उष्णतेचा कडका असताना पोटात चारा पचत असेल तर पक्ष्यावर दुहेरी भार पडतो. माझ्या शाळेच्या वह्या दादीच्या अंड्यांच्या पैशातून आल्या. त्या पैशांचा हिशोब घरात कोणी मागत नसे.

ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात फारशी येत नाही. शेती पुरुषाच्या नावावर, बैल पुरुषाच्या नावावर. कोंबडी मात्र बाईची. मीठ-मिरची, औषधपाणी, माहेरचे बसभाडे या गरजा तिने भागवल्या. गोंड समाजात तर ती देवकार्यातही लागते. तिने वाहिलेले तांदूळ टिपले म्हणजे देव राजी, असा समज. एका मे महिन्यात चार कोंबड्या उन्हाने गेल्या तर सरकारी कागदावर ते नुकसान कुठे दिसत नाही, पण एका बाईची वर्षाची शिल्लक जाते.

गेल्या शंभर वर्षांत कोंबडी खूप बदलली. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराच्या नावाची पांढरी लेगहॉर्न आणि अमेरिकेतली ऱ्होड आयलंड रेड अंड्यांसाठी आपल्याकडे आल्या. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली आणि कुक्कुटपालन हा महाराष्ट्रातला मोठा उद्योग झाला. सहा-सात आठवड्यांत दोन किलोंचा होणारा ब्रॉयलर ही या उद्योगाची देणगी. पण झपाट्याने वाढणारे शरीर उष्णताही तितकीच निर्माण करते. म्हणून त्याला पंखे, फवारे आणि शेड लागते. वीज गेली की उष्णतेच्या लाटेत शेडच्या शेड रिकामे होते. गावरान कोंबडी एक-दीड किलोची, अंडीही वर्षाला पन्नास-साठच्या आसपास. पण ती सुटसुटीत असते, चपळ असते आणि स्वतःची सावली स्वतः शोधते.

आपल्या सीमेपलीकडे, बस्तर आणि आंध्र-तेलंगणाकडे, असील ही जुनी जात आहे. नाव अरबी, चांगल्या कुळातला असा त्याचा अर्थ. मराठीतल्या ‘अस्सल’चा हा भाऊबंद. उंच पाय, अंगाला घट्ट बसलेली थोडी पिसे, अशी त्याची ठेवण. कोंबडबाजारातल्या झुंजींनी या देखण्या पक्ष्याचे नाव खराब केले, हा दोष माणसाचा. काही कोंबड्यांच्या मानेवर पिसेच नसतात. दिसायला त्या ओबडधोबड, पण उघड्या मानेतून उष्णता निघून जात असल्याने उन्हाळ्यात तग धरतात. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने या गुणाचा उपयोग करून ‘हितकारी’ हा संकर तयार केला. याच संस्थेचा ‘निर्भीक’ असीलपासून आलेला आहे. आपण ज्यांना कुरूप किंवा भांडखोर म्हणून हिणवले, त्यांच्याकडेच उन्हाचे उत्तर निघाले.

उन्हाळ्याच्या तोंडावर आणखी एक शत्रू येतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला आपल्या लोकांनी मानमोडी म्हटले आणि कोंबड्यांच्या राणीखेत रोगालाही तेच नाव दिले. हा रोग १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ ओळखला गेला आणि त्यानंतर लगेच आपल्याकडे कुमाऊंतल्या राणीखेत येथे. उन्हाने अशक्त झालेला पक्षी रोगाला लवकर बळी पडतो. यावर लस आहे, पण नेहमीच्या लशीला बर्फाची साथ लागते. गावापर्यंत येता येता ती तापली तर टोचूनही उपयोग होत नाही. ही अडचण ओळखून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांनी खेड्यातल्या कोंबड्यांसाठी उष्णता सहन करणारी लस विकसित केली. आपल्याकडे सोपा मार्ग हा की, ऊन कडक होण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यातून लसीकरण करून घ्यावे, लस बर्फात आणावी आणि सकाळच्या गारव्यातच टोचून घ्यावी.

आज घरे बदलली. कौले गेली, टिन आले, स्लॅब आले. रस्ता रुंद करताना दारातला कडुनिंब गेला. घर पक्के झाले, यात आनंदच आहे. पण टिनाचे बुटके खुराडे दुपारी भट्टी होते, हे ध्यानात ठेवायला हवे. टिनावर चुन्याचा पांढरा हात द्यावा, वर धानाचा पेंढा किंवा पळसाच्या फांद्या टाकाव्यात. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-सायंकाळचे तिरपे ऊन आत शिरत नाही. वाऱ्याच्या बाजूला ओले तरट बांधावे, मात्र हवा कोंडू देऊ नये. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून ओल्या तरटाचा लाभ होतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर हवा दमट झाली की ते काढून टाकावे. कारण दमट हवेत वाफ होत नाही आणि कोंबडीची धापही फुकट जाते. उन्हाळ्यात तिला नेहमीपेक्षा दुप्पट पाणी लागते. ते दिवसातून तीन-चार वेळा बदलावे. उन्हाने पडलेला पक्षी बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. सावलीत घेऊन तुरा आणि पाय ओले करावेत आणि चोचीजवळ पाणी धरावे. खुडूक कोंबडी मे महिन्यात अंड्यांवर बसवू नये. तापलेल्या घरात ठेवलेली अंडी उबवण्याआधीच बिघडू लागतात. खाण्यासाठीची अंडी ओल्या वाळूत बसवलेल्या गाडग्यात ठेवावीत.

हे सारे चालू उन्हाळ्यापुरते झाले. पुढच्या उन्हाळ्याची तयारी मात्र पावसाळ्यात करावी लागते. मृग लागला की खुराड्याच्या पश्चिमेला शेवग्याची एक फांदी रोवा, वर्षभरात ती डोक्याच्या वर जाते. तिच्यापासून हातभर अंतरावर कडुनिंबाचे रोप लावा. त्याला चार-पाच वर्षे लागतील. तोवर शेवगा सावली देईल, शेंगा देईल आणि त्याचा पाला कोंबड्याही आवडीने खातील.