यादीतली डोंबिवली

पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डोंबिवली’ हे नाव छापायला सांगितले, की पडद्यावर ते देवनागरीत नीट उमटे. पण ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी यादी करून ती छापली, की नावे गायब! डोंबिवलीच्या जागी तिरप्या रेघा आणि युनिकोडमधील क्रमांक यांची आठ जुडगी दिसत: ड साठी ०९२१, अनुस्वारासाठी ०९०२, ल साठी ०९३२. नाव तेच, संगणकही तोच. मग यादीत शिरताच असे काय झाले?

उत्तरासाठी थोडे मागे जायला हवे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २०४८ शब्द मावत. आत सगळी शून्ये आणि एक. त्यांतला कोणता शब्द संख्या आणि कोणता आज्ञा, याचे भान माणसानेच ठेवायचे. अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ पासून रचलेल्या लिस्प या भाषेत मात्र यादी कंसांत लिहिली जाई, आणि संगणकही ती कंसांतच छापी. यादीत यादी असली तर कंसात कंस.

१९९१ साली गिडो व्हॅन रॉसम यांनी प्रसृत केलेल्या पायथनमध्ये छपाईची दोन रूपे आहेत: एक वाचकासाठी, दुसरे आज्ञावली लिहिणाऱ्यासाठी. दुसऱ्यात मजकूर अवतरणचिन्हांत येतो. त्यामुळे डोंबिवली पूर्वेचा ४२१२०१ हा पिनकोड संख्या म्हणून साठवला आहे की अक्षरे म्हणून, हे लगेच कळते. यादीतल्या घटकांना हेच दुसरे रूप मिळते, आणि त्यात इंग्रजी कळफलकाबाहेरची सारी अक्षरे क्रमांकांनी दाखवण्याचा नियम होता. आज्ञावली लिहिणारा इंग्रजीच वाचणार, हे न बोलता गृहीत धरलेले! मला तरी ही सोय अर्धवटच वाटे.

जपानी मजकुराची गतही आपल्यासारखीच होती. २००८ साली अत्सुओ इशिमोतो यांनी नियम बदलण्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या पायथन ३ मध्ये तो अमलात आला. छापण्याजोगे अक्षर जसेच्या तसे दाखवायचे, अदृश्य खुणा मात्र क्रमांकानेच. ज्यांना जुनेच रूप हवे, त्यांच्यासाठी वेगळी सोय ठेवली.

अदृश्य खुणांचा हा अपवाद मराठीत फार उपयोगी पडतो. ‘कऱ्हाड’ हे नाव दोन तऱ्हांनी टंकता येते. एकीत नुक्ता असलेला ऱ (०९३१) आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि २००डी क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह. (युनिकोडचे क्रमांक सोळाच्या पायावर असल्याने ‘डी’ हाही तेथे अंकच.) डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला दोन वेगळे शब्द. गावांच्या यादीत कऱ्हाड समोर दिसत असूनही शोधल्यावर सापडत नसेल, तर ती यादी पायथन ३ मध्ये छापून पाहावी. दुसऱ्या तऱ्हेने टंकलेले असेल, तर ‘कर्’ आणि ‘हाड’ यांच्या मधोमध २००डी उभा दिसतो.