पुस्तक आधी, पाठ्यपुस्तक नंतर

आम्ही बी. ए.ला इंग्रजी साहित्य घेतले, त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. शेक्सपिअर, मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ अशा मातब्बरांच्या पंगतीत लेखिका म्हणून जेन ऑस्टेन तेवढी एकटी बसलेली असे. त्याचे नवल ना आम्हांस वाटले, ना शिकविणाऱ्यांस. परवा आमच्या पुतणीचे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक चाळताना त्यात ताराबाई शिंदे इंग्रजी वेषात भेटल्या. आनंद झाला, तशी शरमही वाटली. हैदराबादेत चार पिढ्या मराठी टिकविल्याचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या घरात हे नाव तिच्या कानी कधी पडलेच नव्हते.

स्त्रियांचे लेखन इंग्लंडातही सहजासहजी वर्गात आले नाही. ऑक्टोबर १९२८मध्ये व्हर्जिनिया वुल्फ यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम आणि गर्टन या स्त्रियांच्या महाविद्यालयांत व्याख्याने दिली. त्यांतूनच १९२९चे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक झाले. लिहू पाहणाऱ्या स्त्रीला स्वतःचे उत्पन्न आणि स्वतःची खोली हवी, हे त्याचे सार. समोर बसलेल्या विद्यार्थिनींना त्या विद्यापीठाची पूर्ण पदवी मिळण्याचा हक्क नव्हता. तो स्त्रियांना १९४८मध्ये मिळाला. पुढे १९७७मध्ये इलेन शोवॉल्टर यांनी विस्मृतीत गेलेल्या इंग्रज कादंबरीलेखिकांची परंपरा मांडली. १९८५मध्ये गिल्बर्ट आणि ग्यूबर यांनी संपादिलेला लेखिकांचा नॉर्टन संग्रह निघाला. शिकवायचे म्हटले तर हाती पुस्तक हवे, ती उणीव त्याने भरून काढली.

आपल्याकडे हे काम हैदराबादेत झाले, याचा आम्हांस विशेष आनंद आहे. सूझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय लेखिकांच्या लेखनाचे दोन इंग्रजी खंड १९९१ आणि १९९३मध्ये सिद्ध केले. प्रारंभीच त्यांनी मुद्दुपळनीची कथा सांगितली आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या, प्रतापसिंहांच्या दरबारातील ही तेलुगू कवयित्री. तिचे काव्य बंगळूर नागरत्नम्मांनी १९१०मध्ये पुन्हा छापले, तर इंग्रज सरकारने अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली.

ताराबाईंची गोष्ट याहून वेगळी नाही. त्या बुलढाण्याच्या, म्हणजे १८५३च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेलेल्या, पण नावाने निजामाच्याच असलेल्या वऱ्हाडातल्या. त्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२मध्ये पुण्यात छापली गेली. टीकेच्या गदारोळात जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे मात्र पुस्तक दृष्टिआड झाले, ते १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत. मधली त्र्याण्णव वर्षे बंदीहुकुमाशिवायच विस्मृतीत गेली. मालशे यांनी ते हुडकले नसते, तर इंग्रजी भाषांतर कशाचे झाले असते आणि आमच्या पुतणीने काय वाचले असते?

अभ्यासमंडळे उपलब्ध पुस्तकांतूनच निवड करतात. जे छापलेले नाही, ते कितीही मोलाचे असले तरी त्यांच्यापुढे येत नाही. आपल्या जुन्या घरांतून आजी-पणजींच्या ओव्यांच्या वह्या, माहेरची पत्रे, मोडीतले हिशेब आणि आठवणी अजून ट्रंकांत पडून असतील. दिवाळीची आवराआवर करताना त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकवार उघडून पाहाव्यात. मोडी वाचणारी वडीलधारी मंडळी हयात आहेत, तोवर त्या उतरवून घ्याव्यात. आमच्या पणजीची एक वही आम्ही या महिन्यात वाचावयास घेतली आहे. उतरवून घेण्यास पुतणी शेजारी बसते.