डिस्क ब्रेक : कॅलिपरची दुरुस्ती आणि बोल्टची निवड

पावसाळा संपता संपता दुचाकीच्या गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. ब्रेकचा लिव्हर सोडल्यावरही पुढचे चाक मोकळे फिरत नाही, डिस्क चटका बसावा इतकी तापते किंवा एका बाजूचे ब्रेक पॅड पूर्ण झिजून दुसरे जवळपास नवेच राहते. अनेकदा केवळ पॅड बदलून गाडी परत दिली जाते आणि काही आठवड्यांत तीच तक्रार पुन्हा उद्भवते. दोष पॅडमध्ये नसून ते दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये असतो. कॅलिपर उघडून नीट केल्यास तो पुढे अनेक वर्षे काम देतो. मात्र तो परत बसवताना हाताला लागेल तो बोल्ट वापरला, तर केलेली सारी मेहनत धोक्यात येते.

मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेल्या मोटारसायकलींमध्ये हायड्रॉलिक डिस्क ब्रेक रुजवण्याचे श्रेय 1969 च्या होंडा सीबी 750 कडे जाते. भारतात 1999 मध्ये आलेली हीरो होंडा सीबीझेड आणि 2001 मधील बजाज पल्सर यांच्यानंतर पुढचा डिस्क ब्रेक सर्वसामान्य वाहनधारकाच्या परिचयाचा झाला.

कॅलिपर काम कसे करतो?

लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि पास्कलच्या नियमानुसार तो दाब कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. मास्टर सिलिंडरचा व्यास 12 मि.मी. आणि कॅलिपरच्या पिस्टनचा 24 मि.मी. असेल, तर क्षेत्रफळ चौपट होते आणि बलही चौपट मिळते. लहान दुचाकींच्या कॅलिपरमध्ये पिस्टन सहसा एकाच बाजूला असतो. तो आपल्या बाजूचे पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून पलीकडचे पॅडही दाबतो.

लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे घेण्यासाठी वेगळी स्प्रिंग नसते. हे काम पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील करते. दाबाखाली ते किंचित पिळले जाते आणि दाब जाताच पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. सील कडक झाले किंवा त्याच्या खाचेत क्षार साचले, की ही हालचाल थांबते आणि ब्रेक अडकून राहतो. सरकणाऱ्या पिना गंजल्या, तर पॅड एका बाजूनेच झिजते.

खराबीचे मूळ : पाणी

ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा 155 अंशांची आहे. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140 आहेत. घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्यास जुने ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलपर्यंत आत जाऊनही गाडी थांबत नाही. हाच ओलावा आतून धातू गंजवतो. म्हणूनच साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलण्याची शिफारस केली जाते.

कॅलिपर उघडताना

कॅलिपरमध्ये नळी जोडलेली असतानाच लिव्हर हळूहळू दाबून पिस्टन बहुतांशी बाहेर आणणे ही सर्वात सुरक्षित पद्धत होय. कॉम्प्रेसरच्या हवेने पिस्टन गोळीसारखा उडतो. हवा वापरणे भागच पडले, तर पिस्टनसमोर लाकडाचा तुकडा व चिंध्या ठेवाव्यात आणि बोटे दूर ठेवावीत. पॅडची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते.

जुने सील लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने काढावे. स्क्रू ड्रायव्हरने सिलिंडरला चरा पडल्यास गळती कायमची मागे लागते. सीलच्या खाचेतील पांढरा, कडक थर काढणे हा या दुरुस्तीतील सर्वात महत्त्वाचा भाग आहे. तो राहिला, तर नवे सीलही पिस्टनला आवळून धरते. पिस्टनवर खड्डे पडले असतील किंवा त्याचा मुलामा उडाला असेल, तर पॉलिश पेपरने घासून उपयोग नाही, पिस्टन बदलावा.

अनेक गॅरेजमध्ये सुटे भाग पेट्रोल किंवा रॉकेलने धुण्याची सवय आहे. ब्रेकच्या रबरी सीलसाठी ती घातक ठरते. खनिज तेलाच्या संपर्कात हे रबर फुगते आणि मऊ पडते. सफाईसाठी ब्रेक क्लीनर वापरावा. नवे सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवावे. पिनांना साधे ग्रीस न लावता रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावावे. जुने सील धुऊन पुन्हा वापरणे ही काटकसर नव्हे.

बोल्टवर किती भार येतो?

पुढच्या टायरने रस्त्यावर 150 किलो वजनाइतके रोधक बल निर्माण केले, चाकाची त्रिज्या 30 सें.मी. आहे आणि पॅडची पकड केंद्रापासून 11 सें.मी. वर आहे असे मानले, तर डिस्कवरील घर्षणबल सुमारे 400 किलो वजनाइतके होते. हा सारा भार कॅलिपरला फोर्कशी जोडणाऱ्या, बहुतेक वेळा दोनच, बोल्टच्या जोडणीवर येतो.

बोल्टचे खरे काम दोन पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट आवळून धरण्याचे आहे. ही आवळ पुरेशी असेल, तर भार पृष्ठभागांमधील घर्षण पेलते. आवळ सैल पडली, की कॅलिपर प्रत्येक ब्रेकबरोबर हलतो, बोल्ट वाकतो आणि थकव्याने तुटतो. त्यामुळे आवळ सोसण्याची ताकद हाच निवडीचा पहिला निकष ठरतो.

आकडे काय सांगतात?

बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे कोरलेले असतात. पहिल्या आकड्याला 100 ने गुणले की ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते. दुसरा आकडा त्यापैकी किती दशांश ताणापर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही हे दाखवतो. म्हणजे 8.8 च्या बोल्टची ताणशक्ती 800 आणि लांबण्याची मर्यादा 640 मेगापास्कल असते, 10.9 साठी ती 1000 व 900 असते.

दुकानात चकाकणारा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट अनेकांना अधिक दणकट वाटतो. प्रत्यक्षात सर्रास मिळणाऱ्या ए2-70 प्रतीची ताणशक्ती 700 आणि लांबण्याची मर्यादा 450 मेगापास्कल आहे. 8 मि.मी. च्या बोल्टचा आट्यांमधील परिणामी छेद 36.6 चौ.मि.मी. असतो. त्या हिशेबाने 8.8 चा बोल्ट सुमारे 2,390 किलो ताणापर्यंत टिकतो, तर ए2-70 सुमारे 1,680 किलोंवरच लांबू लागतो. ए4-80 प्रतीची मर्यादाही 600 मेगापास्कल, म्हणजे 8.8 पेक्षा कमीच आहे. शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये स्टेनलेसचा बोल्ट असला, की खाऱ्या दमट हवेत अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने झिजते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील वाहनधारकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. शोभेसाठी विकले जाणारे रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट या जागी मुळीच वापरू नयेत.

अधिक आकडा म्हणजे अधिक सुरक्षितता, हेही खरे नाही. 12.9 सारख्या अतिकठीण बोल्टला विजेच्या साह्याने मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरल्यास तो काही काळाने अचानक तुटू शकतो. कंपनीने जी प्रत दिली आहे, तीच प्रत घेणे उत्तम.

लांबी, आटे आणि घडण

प्रतीइतकेच मापही महत्त्वाचे आहे. 8 मि.मी. च्या बोल्टचे आटे सहसा 1.25 मि.मी. अंतराचे असतात, पण 10 मि.मी. मध्ये 1.5, 1.25 आणि 1.0 असे तीन प्रकार आढळतात. ब्रेकच्या नळीचा पोकळ बोल्ट काही कंपन्यांत 1.25 चा, तर काहींत 1.0 चा असतो. चुकीचा बोल्ट जोर लावून फिरवल्यास कॅलिपरचे आटे जातात. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्ट त्याच्या व्यासाच्या किमान दीडपट आत जावा. तो अधिक लांब असेल, तर छिद्राच्या तळाला टेकून घट्ट झाल्याचा भास होतो, किंवा पलीकडे निघून डिस्कला घासतो. मूळ बोल्टचा काही भाग बिनआट्याचा, गुळगुळीत असेल, तर पूर्ण आट्यांचा बोल्ट त्याला पर्याय ठरत नाही.

बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावा. 8 मि.मी. च्या 8.8 बोल्टसाठी सामान्यतः 25 न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क असतो, तरीही गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावल्यास त्याच टॉर्कला बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. नळीच्या बोल्टखालील तांब्याची वॉशर दर वेळी नवी घालावी.

शेवटची चाचणी

जोडणीनंतर ब्लीडिंग करून यंत्रणेतील सर्व हवा काढावी. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. अशा काही गाड्यांत एबीएसच्या यंत्रात अडकलेली हवा काढण्यासाठी सर्व्हिस सेंटरमधील उपकरण लागते. त्यानंतर लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून धरावा. तो हळूहळू आत जात असेल, तर यंत्रणेत कोठेतरी दोष शिल्लक आहे. चाक हाताने मोकळे फिरते का, हेही पाहावे. गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबावा. कारण मागे ढकललेल्या पिस्टनमुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. मोकळ्या जागेत कमी वेगात खात्री झाल्यावरच गाडी रहदारीत न्यावी आणि शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत. कॅलिपरच्या कामाचा अनुभव नसल्यास हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. मात्र कोणत्या प्रतीचे बोल्ट बसवले आणि सील नवे घातले का, हे दोन प्रश्न त्याला जरूर विचारावेत.