राजाश्रय आणि सभासदाचे शिक्षण

मुक्ताईनगर तालुक्यातील, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादेतील, कोणत्याही मोठ्या गावात गेले असता मंदिर, शाळा आणि ग्रामपंचायत यांच्या आसपास आणखी एक पाटी दिसते : 'विविध कार्यकारी सहकारी सेवा संस्था'. लोक तिला 'विकासो' म्हणतात. जुनी माणसे नुसते 'सोसायटी' म्हणतात. केळी, कपाशी आणि मका यांच्या पीककर्जासाठी शेतकरी तिच्या पायऱ्या चढतो. कायद्याने ही संस्था त्याची स्वतःची आहे. तिचा भाग त्याच्या नावावर आहे, तिचे संचालक निवडण्याचा आणि त्यांना हिशेब विचारण्याचा अधिकार त्याचा आहे. तथापि ही संस्था कोणाची, असे त्याला विचारले, तर 'सरकारची' हेच उत्तर पुष्कळदा मिळते. सहकाराच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीतील यश आणि वैगुण्य ही दोन्ही या एका उत्तरात सामावली आहेत, असे आम्हांस वाटते. मालकाला आपली मालकी ठाऊक नसावी, हे कसे घडले, याचा थोडा मागोवा येथे घेऊ.

इंग्रजी अंमलात खानदेशातील कुणब्याला सरकार प्रथम भेटले ते घेणारे म्हणून. १८५२ साली जमीनमोजणी सुरू होताच यावल, सावदा, चोपडा या भागांत रयत बिथरली आणि दंगे झाले. सारा रोख भरावयाचा, तो पिकाआधी भरावयाचा, आणि त्यासाठी सावकाराच्या ओट्यावर अंगठा उठवावयाचा, असा तो काळ होता. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हा सरकारला जाग आली. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पण सावकाराचा हात आवरणे निराळे आणि त्याच्या जागी दुसरा हात पुढे करणे निराळे. कायद्याने व्याजाला लगाम घालता येतो; पेरणीच्या दिवशी बियाणे आणता येत नाही.

तो दुसरा हात कोठून आणावा, याचा शोध मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सन यांनी घेतला. १८९५ ते १८९७ या काळात सादर केलेल्या अहवालांत त्यांनी जर्मनीतील फ्रीड्रिख रायफायझेन यांच्या ग्रामीण पतपेढ्यांकडे बोट दाखविले. रायफायझेन हे एका लहान गावाचे प्रमुख होते. एकमेकांना ओळखणाऱ्या गावकऱ्यांनी आपली बचत एकत्र करावी, एकाच्या कर्जाला सर्वांनी जबाबदार राहावे आणि कारभार विनावेतन पाहावा, ही त्यांची रीत होती. तिचाच आधार घेऊन १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. कोणत्याही दहा माणसांना संस्था काढता येऊ लागली. ग्रामीण संस्थेत पाचातले चार सभासद शेतकरी असावेत, असा दंडक होता. १९०५ साली मुंबई इलाख्यात, गदगजवळील कणगिनहाळ येथे, या कायद्याखालील पहिली शेतकी पतसंस्था उभी राहिली.

या पहिल्या कायद्यातील सरकारी साहाय्याचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. सरकारने निबंधक नेमला, हिशेबतपासणी फुकट केली, मुद्रांक व नोंदणी शुल्कात सवलत दिली. सुरुवातीला थोडे कर्जही दिले, परंतु त्याची रक्कम सभासदांनी स्वतः जमविलेल्या ठेवींशी बांधलेली होती. आधी तुम्ही साठवा, मग आम्ही हातभार लावू, असा तो करार होता. निबंधकाने गावोगाव हिंडून लोकांना सहकार म्हणजे काय ते समजावून सांगावे, अशी अपेक्षा होती. थोडक्यात, सरकार तेव्हा शिक्षकाच्या भूमिकेत होते.

शिक्षणाचा हा धागा सहकाराच्या मुळापासूनचाच आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली गरीब विणकरांनी दुकान काढले आणि थोड्याच वर्षांत नफ्यातील अडीच टक्के रक्कम सभासदांच्या शिक्षणासाठी राखून ठेवण्याचा नियम केला. आपल्याकडे १९११ साली विठ्ठलदास ठाकरसी व लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. तिच्या पाठोपाठ १९१८ साली सहकाराच्या प्रचारासाठी व शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. पुण्यातील आजचा महाराष्ट्र राज्य सहकारी संघ हा तिचाच वारसदार होय.

त्याच १९१८ साली वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी कॅथॉलिक सहकारी पतसंस्थेचे बीज रोवले. तिची पुढे बॅसिन कॅथॉलिक बँक झाली. तिच्याही आधी, १९०९ साली, छोटानागपूरच्या आदिवासी भागात फादर जॉन हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूंनी रायफायझेनच्या धर्तीवर पतसंस्था उभारली. ते जर्मन असल्याने पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, त्यांना देश सोडावा लागला, पण संस्था राहिली. संस्थापक गेल्यावरही संस्था उभी राहते, याचा अर्थ ती सभासदांच्या अंगवळणी पडलेली असते. या उदाहरणांचा उल्लेख आम्ही स्वकीयांच्या कौतुकासाठी करीत नाही. लहान माणसाची लहान बचत आणि ती सांभाळण्याची शिस्त यांतून आधी सवय निर्माण झाली व भांडवल मागाहून आले, एवढेच दाखवावयाचे आहे.

मग हाच मार्ग सर्वत्र का चालला नाही ? याचे उत्तर दारिद्र्यात आहे. ज्याच्या घरी साठवावयास काही उरतच नाही, त्याला आधी साठवा म्हणणे ही थट्टाच होय. १९३० नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि संस्थांची थकबाकी फुगली. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या खानदेशातच, फैजपूर येथे, काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. तेथील शेतीविषयक कार्यक्रमात कर्जमुक्तीची मागणी अग्रभागी होती. १९३९ साली मुंबई सरकारने शेतकरी कर्जनिवारणाचा नवा कायदा केला. तरीही १९५१-५२ ची देशव्यापी ग्रामीण पतपाहणी झाली तेव्हा काय दिसले ? शेतकरी जे १०० रुपये कर्ज काढीत होता, त्यांतले सुमारे ७० रुपये सावकाराचे होते आणि सहकारी संस्थांचे जेमतेम ३. अर्ध्या शतकाच्या खटाटोपाचे हे फळ होते.

ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने यावरून १९५४ साली जो निष्कर्ष काढला, त्याने सहकाराची दिशा बदलली. दुर्बलांची संस्था एकटी टिकत नाही, म्हणून सरकारने तिच्यात भागीदार व्हावे, असा तो निष्कर्ष होता. सरकारने भागभांडवल घेतले, कर्जाला हमी दिली, गोदामांसाठी पैसा दिला. १९६३ साली राष्ट्रीय सहकारी विकास निगम स्थापन झाला. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था अधिनियम १९६२ च्या जानेवारीपासून अमलात आला. १९७२ पासून सुमारे तीन दशके कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली आणि खानदेशातील कपाशीच्या गाड्या सहकारी पणन संघाच्या केंद्रांवर रांगा लावू लागल्या. हे सारे चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. या भांडवलावाचून तापी-पूर्णेच्या काठचा लहान शेतकरी सावकाराच्या ओट्यावरून उठलाच नसता.

परंतु या काळात एक क्रम उलटला. पूर्वी सवय आधी आणि पैसा मागाहून होता. आता पैसा आधी आला आणि सवय मागाहून येईल, असे धरून चालण्यात आले. प्रवरेचा दाखला याच संदर्भात नीट वाचावयास हवा. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने उभारलेल्या कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ साली निघाला. त्यात सरकारी आधार होताच. पण लोणी गावात विखे पाटलांनी पतपेढी काढली होती ती १९२३ साली. कारखान्याच्या चिमणीपूर्वी पाव शतकाची ती तालीम होती. पुढे अनेक तालुक्यांनी चिमणी उचलली, तालीम मात्र सोडून दिली.

सरकारने शिक्षणाकडे पाठ फिरविली, असे मात्र नाही. १९४७ साली पुण्यात सहकारी प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. १९५३ साली रिझर्व्ह बँक व केंद्र सरकार यांनी मिळून सहकारी प्रशिक्षणाची मध्यवर्ती समिती नेमली. १९६७ साली पुण्यातच वैकुंठभाईंच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि १९७६ साली राष्ट्रीय सहकारी प्रशिक्षण परिषद आली. सहकार व हिशेबशास्त्राची शासकीय पदविका, जिला सर्वजण 'जी. डी. सी. अँड ए.' म्हणतात, तिच्यातून हजारो तरुण लेखापरीक्षक व सचिव झाले. राज्याच्या अधिनियमातील ६८ व्या कलमाने प्रत्येक संस्थेकडून शिक्षण निधीची वर्गणीही घेतली जात असे. मग उणीव कोठे राहिली ? शिकला तो गटसचिव, शिकला तो बँक निरीक्षक, शिकला तो अधिकारी. सभासदाच्या वाट्याला सहकार सप्ताहातील भाषण आणि सप्तरंगी ध्वज आला.

त्याचा परिणाम गावात दिसतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचला असे समजून 'मंजूर, मंजूर' म्हटले जाते आणि चहा होतो. मार्चअखेर 'नवे-जुने' होते, म्हणजे जुने कर्ज फेडल्याचे दाखवून लगेच नवे उचलले जाते. सभासदांकडून संस्थेला येणे असलेली रक्कम आणि संस्थेने जिल्हा बँकेला देणे असलेली रक्कम यांत जी दरी पडते, तिला सहकार खात्याच्या भाषेत 'अनिष्ट तफावत' म्हणतात. आपल्या संस्थेत ती आहे काय व किती, हे किती सभासदांना ठाऊक असते ? २००८, २०१७ व २०१९ च्या कर्जमाफ्यांनी पुष्कळांना खरा दिलासा दिला, हे मान्य केले पाहिजे. पण संस्था सरकारची आणि कर्जही सरकारचे, ही समजूत त्यांनी अधिकच पक्की केली.

या अज्ञानाची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. संत मुक्ताबाईंच्या नावाने घोडसगाव येथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना कर्जात रुतला आणि शेवटी खासगी हातांत गेला. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्य पतसंस्थेत अनेक राज्यांतील ठेवीदारांचे पैसे अडकले. २०१५ साली संचालकांना अटक झाली व संस्थेवर अवसायक नेमला गेला. मुलीच्या लग्नासाठी, निवृत्तीनंतरच्या औषधपाण्यासाठी पै-पै ठेवणारी माणसे कार्यालयांचे उंबरठे झिजवू लागली. येथे कोणी विचारील, की शिक्षणाने लबाडी थांबते काय ? थांबत नाही. शिकलेली माणसेही फसतात, आणि देखरेखीचे कर्तव्य ज्यांचे होते त्यांची जबाबदारी सभासदावर ढकलणे अन्यायाचे ठरेल. पण लबाडी वाढते ती कोणी विचारीत नसल्यामुळे. भरमसाट व्याज कशाच्या बळावर, एवढा एकच प्रश्न शंभर जणांनी वेळेवर विचारला असता, तर पुष्कळांची पुंजी वाचली असती.

अलीकडच्या काळात याची जाणीव झालेली दिसते. ए. वैद्यनाथन यांच्या समितीने २००५ साली सरकारी हस्तक्षेप कमी करावा आणि प्रशिक्षणावर खर्च करावा, असे सुचविले. ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करणे हा मूलभूत हक्क ठरविला. तिला अनुसरून महाराष्ट्राने २०१३ साली अधिनियमात सभासद, पदाधिकारी व सेवक या तिघांच्याही शिक्षणाचे '२४ अ' हे कलम घातले. त्या घटनादुरुस्तीतील राज्यांच्या संस्थांविषयीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये रद्दबातल ठरविला. त्याच महिन्यात केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय निर्माण झाले. २०२२ साली ६३,००० प्राथमिक संस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी मिळाली आणि २०२५ साली आणंद येथे त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा कायदा संसदेने संमत केला. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र विद्यापीठातून पुन्हा व्यवस्थापकच बाहेर पडतील आणि संगणक गटसचिवाच्याच टेबलावर राहील, तर जुनाच धडा नव्या वहीत उतरविल्यासारखे होईल.

परमगुरू अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात एक तत्त्व मांडले आहे. लहान समूहाला जे स्वतः करता येते ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये; मोठ्या सत्तेने त्याला ते करण्यास समर्थ करावे, असा त्याचा आशय आहे. सहकाराला हे तत्त्व तंतोतंत लागू पडते. राजाश्रय हवाच, पण तो आंब्याच्या कलमाला बांधलेल्या काठीसारखा हवा. कलमाने मूळ धरले की काठी सैल करावी लागते, आणि मूळ धरण्याआधी ती काढूनही चालत नाही.

मुक्ताईनगरच्या मातीला शिकविण्याची परंपरा नवी नाही. योगसामर्थ्याने थोर मानल्या गेलेल्या चांगदेवांनी वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईंना गुरू केले, अशी कथा येथे घरोघर सांगतात, आणि त्यांनी आधी पाठविलेल्या कोऱ्या पत्राचीही. आमच्या शेतकऱ्याच्या आजोबाने सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठविला होता. नातू आज छापील अर्जावर सही करतो, पण मजकूर न वाचताच. या नातवाला वाचावयास शिकविणे हे काम गावातील शिक्षक, निवृत्त सचिव, महिला बचत गटांच्या प्रमुख आणि आम्ही धर्मगुरूही करू शकतो. सर्वसाधारण सभेच्या आठवडाभर आधी संस्थेचा ताळेबंद चावडीवर, मंदिराच्या वा चर्चच्या आवारात मोठ्याने वाचून दाखवावा. भागभांडवल किती, राखीव निधी किती, थकबाकी कोणाकडे, लेखापरीक्षणात वर्ग 'अ' मिळाला की 'ड', हे चार प्रश्न सभासदांना पाठ करून द्यावेत. यासाठी अनुदान लागत नाही. आमच्या धर्मग्रामांतील पतपेढ्यांनीही येत्या सभेपासून हे करून पाहावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे.